पिवळ्या चकतीला शॉर्ट मारला हो!

ऐकलंत का? नाही? मग आधी कान तपासून घ्या, कारण इकडे नंदुरबार जिल्ह्यात, कळसाडीपासून शहाद्यापर्यंत आणि तळोद्यापासून नवापूरपर्यंत, दुसरं काही बोललंच जात नाही. पपईला काय भाव फुटला, मिरचीची आवक किती झाली, कुणाची सोयरीक कुठं जुळली, सगळं मागं पडलं. बातमी एकच. अमक्याच्या पोरानं डीजेची पेटी उघडली, टॉपच्या आधी बसलेली ती पिवळी चकती उपटली आणि तिच्या जागी सरळ तारेचा तुकडा सोल्डर करून टाकला! शॉर्ट मारला हो, शॉर्ट! शांतं पापम्.

बरं, केलं ते केलं, निदान दाराआड तरी करावं. तेही नाही! भर ओट्यावर, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या देखत, लहान पोरांना टॉर्च धरायला लावून. शेजारी उभे राहून सल्ला देणारे चार जण असतातच. "आवाज दबी जास भो, ते काढी टाक." आणि कुणी बिचाऱ्यानं शंका काढलीच, तर त्यावर खान्देशातलं ठरलेलं उत्तर: "काही व्हत नही!" या 'काही व्हत नही'च्या भरवशावर आपल्या भागात आजवर किती डायफ्राम शहीद झाले असतील, याचा हिशेब चित्रगुप्तानं ठेवला असेल तर असेल, डीजेवाल्यांनी नक्कीच ठेवलेला नाही.

आता ज्यांनी पेटीचं नुसतं तोंड पाहिलं आहे आणि पोट पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी जरा आतली गोष्ट. आपल्यातच ठेवा. पेटीच्या मागं वायर खोचायची एक प्लेट असते. तिचे स्क्रू काढले की ती बाहेर येते आणि तिच्यामागं किंवा पेटीच्या तळाशी एक छोटी पाटी सापडते. हा क्रॉसओव्हर. वर तांब्याच्या जाड तारेच्या एक-दोन गुंडाळ्या, शेजारी कपॅसिटर, अंगावर वॉट आणि ओहम छापलेला पांढरा सिमेंटचा रेझिस्टर, आणि एका कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढी पिवळी चकती, दोन पायांवर उभी. गुंडाळीचं काम जाड आवाज बेसकडे पाठवायचं, कपॅसिटरचं काम बारीक आवाज टॉपकडे, म्हणजे बारीक आवाजाच्या स्पीकरकडे, सोडायचं आणि जाड आवाज अलीकडेच अडवायचा. सिमेंटच्या रेझिस्टरचं काम टॉपला बेसच्या पुढं पळू न देण्याचं. आणि पिवळ्या चकतीचं काम? तिचं काम काहीच न करण्याचं, जोवर सगळं ठीक आहे तोवर. लोकांना तिचा राग येतो तो याच कारणानं. आपल्याकडे गप्प बसून राखण करणाऱ्याला कुणी किंमत दिली आहे का कधी?

या चकतीचं नाव पॉलिस्विच. कॅलिफोर्नियातल्या रेकेम कंपनीनं हे नाव रूढ केलं, आणि आता कुणाचीही चकती असो, लोक पॉलिस्विचच म्हणतात. तिच्या पोटात प्लास्टिकच्या जातीचा पदार्थ आणि त्यात मिसळलेली काजळीची, म्हणजे कार्बनची भुकटी. थंड असताना कार्बनचे कण एकमेकांना चिकटून असतात, म्हणून वीज सुखानं जाते. करंट वाढला की चकती तापते. साधारण सव्वाशे अंश सेल्सिअसच्या आसपास आतलं प्लास्टिक फुगतं, कणांची साखळी तुटते आणि रोध एकदम हजारो पटींनी चढतो. टॉपकडे जाणारी वीज आटते, आवाज बसतो, टॉपच्या आतली कॉइल वाचते. व्हॉल्यूम खाली आणला, चकती निवली, की पुन्हा सगळं सुरळीत. फ्यूजसारखं बदलायला नको, की मिस्त्रीला बोलवायला नको.

वरातीत एक काका असतात बघा. कुणी त्यांना नाचायला बोलावत नाही, फोटोतही ते कडेलाच असतात, पण नवरदेवाचा घोडा बिथरायला लागला की तेच पुढं होऊन म्हणतात, "बस करा रे आता, जरा थांबा." सगळी पोरं त्यांच्यावर चिडतात. पॉलिस्विच म्हणजे हे काका. आणि आपल्या पोरांनी काय केलं? काकांनाच वरातीतून हाकललं! वर म्हणतात, आता कशी मोकळी मजा येते.

या काकांचे भाऊबंदही कमी नाहीत, आणि त्यांचीही तीच गत झाली आहे. काही पेट्यांत चकतीच्या जागी बल्ब असतो. हो, बल्ब! गाडीच्या इंडिकेटरला लागतो तसला १२ व्होल्ट २१ वॉटचा, नाहीतर दोन्ही टोकांना टोप्या असलेला लांबट. त्याची तार थंड असताना रोध जेमतेम पाऊण ओहमच्या आत, आणि पूर्ण पेटल्यावर सातेक ओहम. म्हणजे आवाज वाढेल तसा हा स्वतः पेटून टॉपच्या वाट्याची वीज स्वतःच्या अंगावर घेतो. जोरात वाजत असताना पेटीच्या भोकातून आत पाहिलंत, तर बेसच्या ठेक्यावर नव्हे, झांजांच्या आणि टाळ्यांच्या ठेक्यावर मिणमिणणारा उजेड दिसतो. हे पाहून काही शहाण्यांनी "पेटीत आग लागी राहिनी" म्हणून तो बल्बच काढून फेकल्याचं सांगतात. ऐकावं ते नवलच! आणि ज्यांच्या पेटीत साधा काचेचा फ्यूज आहे, त्यांच्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली असते. याची तर आता चर्चाही होत नाही, इतकं ते शिष्टसंमत झालं आहे.

तुम्हाला वाटेल, हे सगळं खेड्यातलं अडाणी खूळ. छे हो! नावं ठेवायची तर शहरांनाही ठेवू. पुण्या-मुंबईत, डोंबिवलीत, थेट अमेरिकेतल्या मराठी घरांत एक जमात आहे, जी संध्याकाळी दिवे मंद करून, डोळे मिटून, सतारीच्या तारेवरची बोटं 'दिसतात' म्हणते. ही कानसेन मंडळी. यांच्या घरी चहा देण्याआधी केबलची जाडी सांगतात. आणि या सभ्य, सुशिक्षित, कर्ज काढून पेट्या घेणाऱ्या मंडळींनी काय केलं असेल? हेच! फक्त ओट्यावर नव्हे, एसी लावलेल्या खोलीत, मऊ कापड अंथरून. अमेरिकेतल्या बाल्टिमोरची पोल्क ऑडिओ ही १९७२ साली सुरू झालेली कंपनी. तिच्या जुन्या पेट्यांत ट्वीटरच्या आधी पॉलिस्विच बसवलेला असे. त्या पेट्यांच्या भक्तांमध्ये तो उपटून तिथं अर्ध्या ओहमचा रेझिस्टर किंवा नुसती तार लावण्याची प्रथा इतकी मुरली आहे, की न करणाऱ्यालाच जातीबाहेर टाकतात म्हणे. कारण काय? तर "स्वरांवरचा पडदा दूर होतो."

पडदा! चला, पडद्याची लांबी-रुंदी मोजू. आठ ओहमचा ट्वीटर, त्याच्या आधी चकतीचा अर्धा ओहम. तो अर्धा ओहम काढला, तर आवाजात फरक पडतो सुमारे अर्ध्या डेसिबलचा. एक डेसिबलचा फरक ओळखायलाही शांत खोली आणि लक्ष देऊन ऐकणारा कान लागतो, आणि हा तर त्याच्याही निम्मा. यांना न्याय द्यायचा तर एवढं म्हणता येईल की चकती तापायला लागल्यावर तिचा रोध स्थिर राहत नाही, आणि काटेकोर ऐकणाऱ्याला ते खुपू शकतं. पण घरात, डोळे मिटून, मंद आवाजात आलाप ऐकताना चकती तापेल कशाला? आणि तापण्याइतका आवाज करत असाल, तर शेजाऱ्यांनी दार ठोठावलेलं तरी तुम्हाला ऐकू येतंय का?

असो. शहराचं झाकून ठेवू आणि आपल्या खान्देशाकडे वळू. आपल्या पोरांचा कांगावा वेगळा आहे, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडं तथ्यही आहे. ते म्हणतात, "मे महिन्याच्या वरातीत टॉप मधेच बसतो. पाहुणे हसतात." बसतो, हे अगदी खरं! का बसतो? तर चकतीला वीज कळत नाही, उष्णता कळते. तिचे दोन आकडे ठरलेले असतात: किती करंटपर्यंत ती मुकाट राहील आणि किती करंटला ती नक्की अडवेल. दुसरा आकडा साधारण पहिल्याच्या दुप्पट. पण हे आकडे वीस-पंचवीस अंशाच्या हवेतले. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, पिकअपवर रचलेल्या काळ्या पेट्या उन्हात भाजतात, आतली हवा साठ अंशांच्या घरात जाते. तिथं चकतीची सहनशक्ती सुमारे दोन-तृतीयांशावर येते. म्हणजे डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेच्या दिवसांत जी पेटी दिवसभर कुरकुर न करता वाजते, तीच पेटी अक्षय्य तृतीयेच्या लग्नात दुपारी दोनला रुसून बसते.

मग करायचं काय? पेटीवर कापड टाका, गाडी सावलीत लावा, दोन गाण्यांच्या मधे तिला दम खाऊ द्या, किंवा पेटी बनवणाऱ्याकडून त्या टॉपला सोसेल अशी चकती मागवून बसवा. असले साधे उपाय सांगितले की सगळे गप्प. कारण यात शॉर्ट मारण्याचा मर्दपणा नाही.

आता खऱ्या लफड्याकडे येऊ. या सगळ्या प्रकरणात एक महाशय आहेत ज्यांचं नाव कुणी घेत नाही. पेटीला दोष, चकतीला दोष, टॉपच्या कंपनीला दोष, पण त्या महाशयांसमोर सगळे माना डोलवतात. ते म्हणजे ॲम्प्लिफायर, आणि त्याच्या पुढ्यात मिक्सरच्या फेडरवर बसलेलं बोट. ॲम्पवर लाल दिवा असतो, 'क्लिप' लिहिलेला. तो अधूनमधून लुकलुकला तर चालतं. आमच्याकडे तो वरात निघाल्यापासून संपेपर्यंत अखंड तेवत असतो, समईसुद्धा इतकी निष्ठेनं तेवत नाही. हा दिवा लागला याचा अर्थ ॲम्पची ताकद संपली. गाण्याच्या लाटेचं टोक त्याला पेलवत नाही, म्हणून तो ते छाटून सपाट करतो. १०० वॉटची स्वच्छ, गोलाईदार लाट पूर्ण छाटून चौकोनी केली, तर तेवढ्याच उंचीत ती २०० वॉट ओतते. शिवाय छाटलेल्या कडांतून बारीक स्वरांचा लोंढा निघतो, आणि बारीक स्वर कुणाकडे जातात? टॉपकडेच! भर म्हणून गाण्यातल्या हळू जागा वर चढलेल्या असतात, त्यामुळं कॉइलला निवायला क्षणाचीही फुरसत नाही.

आणि ही कॉइल असते तरी किती? केसासारख्या बारीक तारेचे काही वेढे. कुठलाही स्पीकर आलेल्या विजेतला थोडासाच भाग आवाजात बदलतो, उरलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होते. बेसची कॉइल जाड, मोठी, ती कसंबसं सोसते. टॉपची कशी सोसेल? चकती ओरडून सांगत होती, "तापतंय रे, तापतंय," तर तिलाच फासावर दिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

यानंतरचा प्रसंग दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर. टॉपचं मागचं झाकण उघडतं आणि आधी वास येतो, जळक्या लाखेचा. मग पातळ टायटॅनियमची घुमटी, म्हणजे डायफ्राम, हळूच उचलली जाते. तिच्या काठाची कॉइल सोनेरी असायला हवी, ती काळपट तपकिरी झालेली, मधेच फुगलेली, दोन-तीन वेढे सुटून लोंबणारे. चुंबकाच्या फटीत त्यांचे तुकडे अडकलेले. मालक म्हणतो, "कॉइल जयी गयी. कंपनी आते पहिलेसारखी राहिनी नही." दुरुस्तीवाला मान हलवतो, तोंडातला घास गिळतो आणि नवीन डायफ्रामचा भाव सांगतो. काही रुपयांची चकती उपटायची आणि हजारातला डायफ्राम बसवायचा, असा हा सौदा. आणि घुमटी बदलली तरी शॉर्टची तार तिथंच असते हो! ती काढायचं कुणाच्या मनातही येत नाही. त्यामुळं पुढच्या लगनसराईत पुन्हा भेट ठरलेली. दुरुस्तीवाल्यांच्या घरी या शॉर्टच्या तारेची पूजा होत असेल, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर चर्चा इथंच संपली असती. पण खुळाला भाऊ असतो. त्याचं नाव, "मोठा कपॅसिटर टाक." ४.७ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर काढून १० चा टाकला की टॉप 'भरदार' वाजतो, असा नवा मंत्र फिरतो आहे. भरदार वाजतो, यात शंका नाही! आठ ओहमच्या टॉपला ४.७ चा कपॅसिटर असेल, तर साधारण ४,२०० हर्ट्झच्या खालचा आवाज अडवायला सुरुवात होते. १० चा लावला की ती हद्द खाली २,००० हर्ट्झवर येते. म्हणजे ज्या जाड आवाजाला कंपाउंडच्या बाहेर ठेवलं होतं, त्याला तुम्ही घरात घेतलं. आणि तेवढाच आवाज निम्म्या कंपनसंख्येवर काढायचा, तर घुमटीला चौपट मागं-पुढं हलावं लागतं. टायटॅनियम काही रबर नाही. काही दिवस ती ऐकवते, मग काठाला तडा जातो आणि भरदार टॉप भांड्यासारखा खणखणतो.

कपॅसिटर हा तसाही पुण्यवान प्राणी. ॲम्प बिघडून त्याच्यातून सरळ डीसी बाहेर पडली, तर बेसची कॉइल जळते, पण टॉपच्या दारात कपॅसिटर आडवा उभा असतो. डीसीला तो कधीही आत सोडत नाही. मोठ्या सिस्टिमवाल्यांकडे बेसला वेगळा ॲम्प आणि टॉपला वेगळा ॲम्प असतो, तिथं पेटीतला क्रॉसओव्हर लागत नाही. अशा ठिकाणीही जाणती माणसं टॉपच्या आधी एक राखणीचा कपॅसिटर ठेवतात. कारण अंधारात, घाईत, दोन पेग लावलेल्या मदतनिसाच्या हातून बेसची वायर टॉपला लागणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. अशा वेळी कपॅसिटर नसेल, तर टॉपचा एकच आवाज येतो, 'ठक', आणि तो त्याचा शेवटचा असतो. पण आमच्या पोरांनी तोही काढला. का? तर "डायरेक्ट दिलं की जोरात वाजतं." देवा रे!

बरं, पेटीतल्या राखणदारांचं एवढं मनावर घेता, मग स्वतःच्या डोक्यातल्याचं काय? हो, तुमच्याही कानात अशी एक चकती आहे. मधल्या कानात स्टेपेडियस नावाचा स्नायू असतो, माणसाच्या शरीरातल्या हाडांना जोडलेल्या स्नायूंत सगळ्यात छोटा. मोठा आवाज आला की तो आखडतो, कानातल्या चिमुकल्या हाडाला आवळून धरतो आणि आत जाणारा धक्का थोडा कमी करतो. पण त्याला जागं व्हायला क्षणाचा काही भाग लागतो आणि तास-तास आखडून राहणं त्याच्याही आवाक्यातलं नसतं. पेटीची चकती निवली की पुन्हा कामाला लागते. कानाच्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यांच्यासाठी ना दुरुस्तीवाला आहे, ना डायफ्राम. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली कार्यक्रमांच्या ठिकाणांसाठी कमाल मर्यादा सुचवली, सरासरी १०० डेसिबल. आमच्या वरातीत टॉपच्या तोंडाशी नाचणाऱ्या पोरांना १०० डेसिबल म्हणजे मांडवातली कुजबुज वाटते.

कायदा म्हणाल, तर तो बिचारा केव्हापासून 'क्लिप' होतोय. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची हद्द घातली. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे ठासून सांगितलं. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पुन्हा बजावलं. २०१८ च्या गणेशोत्सवात डीजेला परवानगी द्या म्हणून साउंडवाले त्याच न्यायालयात गेले, तर रिकाम्या हातानं परत आले. एवढे निकाल, पण वरातीत ते कुणाला ऐकू येतील तर ना! निकालाच्या आधी एखादा चांगला ॲम्प जोडायला हवा होता.

याच नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात, अक्कलकुव्याच्या काठी गावी राजवाडी होळीला मोठमोठे ढोल वाजतात. पावरी आणि तूर ही वाद्यं असतात, रात्रभर नाच चालतो. तिथं पॉलिस्विच कुठं आहे, असं कुणी विचारील. आहे! ढोल वाजवणाऱ्याच्या दंडात आहे. दंड भरून आला की थाप हलकी होते, दुसरा गडी ढोल घेतो, तेवढ्यात कानही निवतात आणि पायही. टिमली आणि रोडालीच्या तालावर आदिवासी लग्नांत पूर्वी असंच माणसांच्या दमावर सगळं चालत होतं. आता ताल तोच, पण दमणारं कुणी उरलं नाही. कीबोर्ड दमत नाही, जनरेटर दमत नाही. दमायचं काम पिवळ्या चकतीकडे होतं, तर तिचीही गच्छंती झाली.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे पेटीला हातच लावायचा नाही का? तसं कोण म्हणतंय! लावा ना, पण रीतीनं लावा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वीस-तीस वर्षांनी आतून सुकतात, त्यांची किंमत सरकते, टॉप मंद होतो. ते बदलणं म्हणजे शृंगार नव्हे, उपचार आहे. तिथं तेवढ्याच मायक्रोफॅरॅडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर बसवला, तर त्यात पाप काहीच नाही. चकतीचंही तसंच. ती पुष्कळदा तापून-निवून झाली की तिचा थंड असतानाचा रोध थोडा वाढलेला राहतो. तेव्हा जुनी काढून त्याच रेटिंगची नवी लावावी. सिमेंटचा रेझिस्टर काळा पडला असेल, तर तेवढ्याच ओहमचा, वाटल्यास जास्त वॉटचा. आणि ज्यांच्याकडे प्रोसेसर आहे आणि त्यात टॉपच्या ताकदीप्रमाणे आवाज रोखणारा लिमिटर नीट लावलेला आहे, त्यांनी चकतीला निरोप दिला तर हरकत नाही, कारण तिथं राखण दुसऱ्यानं घेतली आहे. पण लिमिटर लावून चावी कुणाकडे द्यायची? ज्यानं चकती उपटली त्याच्याकडे? मग वरात पहिल्या चौकात पोहोचायच्या आत लिमिटरही 'बायपास' झाला म्हणून समजा.

तेव्हा, लगनसराई तोंडावर आहे, म्हणून स्पष्टच बोलतो. डीजेवाल्या भाऊंनो, टॉप बसला तर पेटी उघडू नका, फेडर खाली घ्या. लाल दिवा सारखा लागत असेल, तर ॲम्प कमी पडतोय असं समजा. मोठा ॲम्प घ्या किंवा आवाज कमी करा, तिसरा रस्ता नाही. कानसेन मंडळींनो, अर्ध्या डेसिबलचा पडदा राहू द्या, त्यामागं कुणी लपलेलं नाही. आणि वधूपित्यांनो, वरपित्यांनो, डीजे ठरवताना भाव, पेट्या आणि लाइट विचारता, तसंच हेही विचारा: "टॉपला शॉर्ट मारलाय का?" मारला असेल, तर सुपारी देऊ नका. ज्यानं स्वतःच्या पेटीची राखण काढून टाकली, तो तुमच्या पाहुण्यांच्या कानांची राखण करील, ही आशा सोडा.